पायरीवरच्या सलोमीबाई

भूकंपानंतर लातुरात माणसांचे दोनच प्रकार उरले होते: छताखाली झोपणारी आणि न झोपणारी. सुरुवातीला सगळेच दुसऱ्या प्रकारातले. वकील, मास्तर, कापडवाले, कचेरीतले कारकून, सगळे आपापल्या दारापुढे बाजा टाकून आभाळाकडे बघत पडायचे. मग थंडी आली, मग पाऊस आला, डास तर कायमचेच होते, आणि एकेक करून माणसं आत गेली. शहराला धीर आला तसे स्लॅबवर स्लॅब चढू लागले. गल्लोगल्ली क्लास निघाले, क्लासच्या मागे मेस निघाली आणि मेसच्या वर हॉस्टेल. दहावीचा निकाल लागला की सगळ्या मराठवाड्यातून मुलं ट्रंका घेऊन लातूरच्या स्टँडवर उतरायची. अशा रीतीनं अख्खं शहर पुन्हा छताखाली गेलं. सलोमीबाई तेवढ्या बाहेर राहिल्या.

त्या मुलींच्या हॉस्टेलच्या मेट्रन होत्या. हॉस्टेल तीन मजली आणि मेट्रन अंगणात, असा तो सगळा कारभार. विश्वासावर त्यांच्याइतकं बोलणारं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि त्यांचा विश्वास मोठाही होता. फक्त तो स्लॅबखाली जायला तयार नव्हता.

मी नायगावची. एम.एस्सी. करून लातुरात एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला आले, तेव्हा क्लासचे मालक बिराजदार सर म्हणाले की आपल्याच हॉस्टेलात शिक्षिकांसाठी एक खोली आहे, सलोमीबाईंना भेटा. मी ट्रंक घेऊन गेले. फाटकाच्या आत कडुनिंब, कडुनिंबाखाली चार बांबूंवर टाकलेला पत्रा, पत्र्याखाली बाज आणि बाजेवर एक ठेंगण्याठुसक्या बांध्याच्या, पांढऱ्या पातळातल्या बाई. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी मला "सलाम" केला. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, ख्रिस्ती माणसं एकमेकांना सलामच करतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी आपली गोंधळून "जय भीम" म्हणाले. त्यावर त्यांनी मान डोलावली आणि गाव विचारलं, चहा विचारला आणि शेवटी म्हणाल्या, "खोली वर हाय, दुसऱ्या मजल्यावर. बगून या. पंखा फिरतो का बगा, नळ गळतो का बगा, अन् खाली येऊन मलाबी सांगा."

मला वाटलं, वय झालंय बिचाऱ्यांचं. मी आदरानं विचारलं, गुडघे दुखतात का.

"गुडघे झ्याक हायत," त्या म्हणाल्या. "विश्वास दुखतो."

या वाक्याचा अर्थ कळायला मला बरेच दिवस लागले. पण पंखा फिरत होता, नळ गळत नव्हता आणि भाडं परवडणारं होतं, म्हणून मी राहिले.

खोल्या न बघता हॉस्टेल चालवायची त्यांची पद्धत अशी होती की खोल्याच त्यांच्याकडे यायच्या. दर शनिवारी सकाळी गाद्या, उशा, बादल्या, पेट्या, सगळं मुलींनी खाली अंगणात आणून मांडायचं. बाई बाजेवरून एकेक वस्तू तपासायच्या आणि मग सगळं पुन्हा वर. मुली कुरकुरायच्या, पण त्यांच्या गाद्यांना ऊन लागायचं आणि ढेकूण कुठल्याच खोलीत नव्हता. बाकीचं काम नाकानं व्हायचं. खिडक्यांखालून एक चक्कर मारली की त्यांना कळायचं, कोणत्या मजल्यावर लोणच्याची बरणी उघडी आहे आणि कोणाचे मोजे बादलीत तसेच पडलेत. संध्याकाळची हजेरी त्या खालूनच घ्यायच्या. आवाज असा खणखणीत की शेजारच्या मुलांच्या हॉस्टेलातला एखादा टवाळ मधेच "हजर" म्हणायचा. त्यालाही त्यांनी नावानं ओळखलं होतं आणि एकदा त्याची हजेरी घेऊन टाकली होती.

हॉस्टेलच्या दर्शनी भिंतीवर बिराजदार सरांनी मोठी पाटी रंगवून घेतली होती: भूकंपरोधक इमारत. पालक ती पाटी वाचून मुली ठेवत असत. कोणी बाईंना विचारलंच, की बाई, इमारत भूकंपरोधक आहे ना, तर त्या सरळ सांगायच्या, "पाटी हाय. इमारतीचं मला ठाव न्हाई." सर कपाळावर हात मारून घ्यायचे. पण त्यांना काढायची हिंमत सरांना झाली नाही, कारण पालक पाटी वाचून येत आणि बाईंना बघून मुली ठेवत.

एकदा एका पोरीनं त्यांना विचारलं, बाई, तुमच्या धर्मात पवित्रता पवित्रता म्हणतात म्हणून तुम्ही सारखं धुवायला लावता का. बाई हसल्या. साबणानं पवित्र होता आलं असतं तर साबणाचा कारखाना सगळ्यांच्या आधी स्वर्गात गेला असता, म्हणाल्या. मग त्यांनी तिला स्वयंपाकाच्या शेडमधली एक झाकलेली वाटी आणायला लावली. रात्रीच्या दह्यातलं चमचाभर दही त्या रोज त्या वाटीत वेगळं काढून ठेवत, विरजणासाठी. त्या वाटीला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

"हे पवित्र," त्या म्हणाल्या. "लई चांगलं हाय म्हनून न्हाई. त्याच पातेल्यातलं हाय, बाकीच्यासारखंच. बाजूला काढलं म्हनून पवित्र. अन् बाजूला काढलं ते शिंक्यावर ठिवून पाया पडायला न्हाई. उद्याच्या दुधात जायाला."

मी शेजारी बसून हे ऐकत होते. मी दह्याच्या वाटीत इतकी वर्षं जिवाणू बघत आले होते. पुढच्या आठवड्यात वर्गात जिवाणू शिकवताना ती वाटी मीही वापरली, पवित्रता तेवढी गाळली.

आमचे वाद व्हायचे. मी बौद्ध घरातली, वडील शाळामास्तर, देवबीव मानायचा नाही, कारण विचारायचं, असं वळण. त्यात विज्ञानाची पदवी. मी रिकाम्या दुपारी बाजेच्या कडेला टेकायचे आणि मुद्दाम काडी टाकायचे. एकदा म्हटलं, तुमचं तारण जर नुसत्या विश्वासानं होतं आणि तेही फुकट कृपेनं, तर मग हे करा, ते करू नका, एवढ्या आज्ञा कशाला. फुकट मिळालं ना, मग बसा निवांत. त्या तांदूळ निवडत होत्या. मग म्हणाल्या, "तुमच्या क्लासात कसं, आधी अभ्यास, मग निकाल. आमच्यात निकाल आधी लागलाय. पास म्हनून सांगून टाकलंय. आता पास झालेल्या पोरीनं पुस्तक फेकून द्यायचं का? मी म्हनते, आता तर खरं वाचायचं. आता भ्या न्हाई."

मी म्हटलं, अशी स्कीम आमच्या क्लासनं काढली तर बिराजदार सर महिन्याभरात बुडतील. त्यावर त्या इतक्या हसल्या की सुपातले तांदूळ सांडले आणि ते मला वेचायला लावले.

त्यांचं आज्ञापालन बघायचं तर शेजारच्या गंगाबाईंचं प्रकरण. गंगाबाई मुलांची मेस चालवायच्या. दोघींच्या मधे सार्वजनिक नळ होता आणि लातूरचं पाणी म्हणजे काय, हे लातूरकरांना सांगायला नको. आठवड्यातून एकदा तरी कडाक्याचं भांडण व्हायचं. सलोमीबाई भांडणात कच्च्या नव्हत्या. गंगाबाईंच्या तीन पिढ्या उद्धरून त्या परत यायच्या, बाजेवर बसून धापा टाकायच्या, आणि मग उठून चुलीकडे जायच्या. गरम धपाटे करायच्या, वर लोण्याचा गोळा ठेवायच्या आणि ताट झाकून गंगाबाईंच्या दारात नेऊन द्यायच्या. शत्रूला भूक लागली तर जेवू घाल, अशी आज्ञा आहे म्हणे. मी विचारलं, राग गेला का मग. तर म्हणाल्या, "कुठला जातो. आज्ञा हाताला केलीय, मनाला दमानं कळंल." गंगाबाई मला एकदा खाजगीत म्हणाल्या की नळावर पाणी भरपूर असलं तरी मी मधून मधून भांडते, हिच्यासारखे धपाटे सबंध लातुरात मिळत नाहीत.

आता ते विश्वास दुखण्याचं. ते त्यांनी मला एका दुपारी गहू निवडताना सांगितलं, मी न विचारता.

त्यांना एक मोठी बहीण होती, रिबेका. दोघी लातुरातच वाढल्या. रिबेका पुढे औशाच्या पलीकडे एका खेड्यात शाळेवर मास्तरीण झाली आणि तिथंच दगडमातीचं घर घेऊन राहिली. वर जाडजूड मातीचं माळवद, आमच्याकडे असायचं तसं. सलोमीबाई तेव्हा दवाखान्यात आया होत्या. सुटी काढून बहिणीकडे गेल्या होत्या. रिबेका घोरायची. सगळ्या घराण्यातच ते होतं, पण रिबेकाचं घोरणं मंडळीत प्रसिद्ध होतं. लातुरातल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, शेवटच्या बाकावर, खिडकीजवळ ती बसायची आणि उपदेश सुरू झाला की झोपायची. घोरणं वाढलं की तेव्हाचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, समजायचे, उपदेश लांबला. त्या रात्री सलोमीबाईंना काही केल्या झोप लागेना. शेवटी वैतागून त्यांनी वाकळ उचलली आणि अंगणात जाऊन पडल्या. जाताना बहिणीला म्हणाल्या, तुझ्या घोरण्यानं एक दिवस माळवद खाली येणार बघ.

पहाटे ते आलं.

मी गहू निवडायची थांबले. मला रडू आवरेना. मी काही सहज रडणारी नाही, पण ती दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून त्या बाईनं कितीतरी रात्री काढल्या असतील, ते मला दिसलं. सलोमीबाईंनी माझ्यापुढचं ताट स्वतःकडे ओढलं आणि म्हणाल्या, रडत निवडू नका, खडा राहून जाईल. थोड्या वेळानं म्हणाल्या, "देवाला मी सोडलं न्हाई. त्यानंबी मला सोडलं न्हाई. फकस्त छताशी बोलनं बंद झालं."

पत्रा त्यांना चालायचा. पत्रा पडला तर टेंगूळ येतं, असं त्यांचं गणित होतं.

खरी अडचण रविवारी व्हायची. त्यांचं देऊळ जुनं, काळ्या दगडाचं, कौलारू. ते भूकंपात जागचं हललं नव्हतं, पण सलोमीबाई आत जात नसत. दाराच्या पायरीवर बसत. चपलांच्या ढिगाशेजारी बसून त्या आतल्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गात, इतक्या मोठ्यानं की पेटीवाला त्यांचा सूर धरायचा. मी कधीमधी त्यांच्याबरोबर जायचे. मला आत जायचं नव्हतं आणि त्यांना आत जाता येत नव्हतं, त्यामुळे एकाच पायरीवर दोघींची सोय व्हायची. साक्ष द्यायची वेळ आली, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं हे सांगायची, की त्या पायरीवरच उभ्या राहायच्या. मुलींना, गंगाबाईंना, पेन्शनीला, सगळ्यांना धन्यवाद देऊन झाले की शेवटचं वाक्य ठरलेलं: "अन् प्रभू मला एक दिस आत नेनार, असा माझा विश्वास हाय. आज न्हाई." आतली पोरंटोरं "आज न्हाई" त्यांच्याबरोबर म्हणायची.

पोरं हसायची, पण त्यांच्या आयुष्यातली एवढी एकच इच्छा राहिलेली होती. मरायच्या आधी एकदा आत बसून, सगळ्यांसारखं, त्या कौलांखाली प्रभुभोजन घ्यायचं. भाकरीचा तो तुकडा आणि प्याला. रिबेकाच्या बाकावर बसून. हे त्या मला कितीदा म्हणाल्या आणि म्हणताना डोळे चुकवायच्या.

मंडळीच्या पंचांत दानिएलमामा होते. तहसीलातून निवृत्त झालेले, काटेकोर, मनगटावर मोठं घड्याळ. त्यांनी एका बैठकीत हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं, की ज्या बाईचा विश्वास आहे की देवानं आभाळ पेललंय, तिचा एवढीशी कौलं पेलण्यावर विश्वास नसेल, तर तिनं प्रभुभोजन कोणत्या तोंडानं मागायचं? आधी आज्ञा पाळावी, आत यावं, मग घ्यावं. पाळकसाहेब तरुण होते, नवीन होते. ते कान खाजवू लागले. बैठक आत चालली होती आणि सलोमीबाई अर्थातच पायरीवर. तिथून त्या म्हणाल्या, "मामा बरोबर बोलून राहिले. माझा विश्वास आजारी हाय. पन मला एक सांगा, औषध आजाऱ्याला देत्यात का धडधाकटाला?"

पाळकसाहेबांना तेवढं पुरलं. तेव्हापासून मंडळीत रिवाज पडला. सगळे पुढे जाऊन वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून भोजन घ्यायचे, आणि सगळ्यांचं झालं की पाळकसाहेब ताटली आणि प्याला घेऊन सबंध देऊळ चालत दारापर्यंत यायचे, उंबरा ओलांडायचे, वाकायचे आणि सलोमीबाईंना द्यायचे. तेवढा वेळ दानिएलमामा घड्याळाकडे बघत बसायचे.

आमच्या हॉस्टेलातली भाग्यश्री देगलूरची. वडिलांचा धान्याचा व्यापार, घरात तेलुगू-मराठीची मिसळ. मुलगी हुशार आणि अबोल. डॉक्टर व्हायचं, हे तिच्याऐवजी घरातल्या सगळ्यांनी ठरवलेलं होतं. बारावीचा निकाल लागला आणि तिला हवे होते त्याहून कमी गुण पडले. वाईट नव्हते, पण त्या गुणांत मेडिकलला नंबर लागणार नव्हता. सकाळी तिनं गुणपत्रिका बघितली, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. मैत्रिणींनी दार वाजवलं, उत्तर नाही. जेवायला हाक मारली, उत्तर नाही. बिराजदार सर आले, त्यांनी आधी समजूत घातली, मग दम दिला, मग सुताराला बोलवायला माणूस पाठवला. त्या काळात अशा बंद दारांच्या गोष्टी लातुरात कानावर येऊ लागल्या होत्या. सगळ्यांचे चेहरे उतरले होते.

सलोमीबाई अंगणातून हाका मारत होत्या. हजेरीच्याच आवाजात, आधी पूर्ण नाव, मग नुसतं नाव, मग "माय, ओ दे." वरून ओ आली नाही. त्या जिन्याच्या पहिल्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. मी तिथंच होते. त्यांनी माझा दंड धरला.

"वंदनाबाई," त्या म्हणाल्या, "मला लई भ्या वाटून राहिलं." आणि पदर खोचून जिना चढू लागल्या.

भिंतीला हात लावायला तयार नव्हत्या, म्हणून मधोमध, दोन्ही हात पुढे धरून चढल्या. मुली दोन्ही बाजूंना सरकल्या. दुसऱ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा घामानं निथळत होत्या. सरांना त्यांनी हातानंच खाली जायची खूण केली, सुताराला जिन्यातच थांबवलं आणि भाग्यश्रीच्या दाराला पाठ लावून फरशीवर बसल्या. वर एक स्लॅब, त्यावर आणखी एक. मी जिन्याच्या तोंडाशी बसून राहिले.

दाराला डोकं टेकून त्या म्हणाल्या, "भाग्यश्री, मी सलोमी. हाव, वर आलेय. तू दार उघड म्हनत न्हाई मी. पन मला हितं भ्या वाटतं, तुला ठाव हाय. तू एवढं कर. मधून मधून आतून टकटक कर. मंजे मला सोबत व्हईल."

बराच वेळ काही नाही. मग आतून, अगदी हलकं, टक असं ऐकू आलं. मी तोंडावर पदर धरला.

मग त्या बोलत राहिल्या. काय काय बोलल्या ते मला सगळं आठवत नाही. रिबेकाचं सांगितलं, तिच्या घोरण्याचं, माळवदाचं. गंगाबाईंच्या नळाचं सांगितलं. मधेच गप्प व्हायच्या, म्हणायच्या, "हायस ना?" आणि आतून टक. एकदा त्यांनी निकालाचंही सांगितलं. म्हणाल्या, हा कागदावरचा निकाल तुझ्या पेपरचा आहे, तुझा नाही. तुझा निकाल तू जन्मायच्या आधीच कोणीतरी लावून ठेवलाय आणि तो चांगला आहे, माझ्यावर विश्वास ठेव. मग स्वतःशीच म्हणाल्या की मी कुणाला सांगतेय, माझाच अजून बसत नाही. यावर आतून दोनदा टक आलं. ते हसणं असावं, असं मला वाटलं.

उन्हाळ्याची दुपार, भट्टीसारखा व्हरांडा, पोटात अन्नाचा कण नाही आणि इतक्या वर्षांची उघड्यावरची अर्धवट झोप. बोलता बोलता सलोमीबाईंचे शब्द लांबायला लागले. एक वाक्य अर्धंच राहिलं. आणि मग ते सुरू झालं. मी बाईंचं घोरणं अंगणात दुरून ऐकलं होतं, पण बंद व्हरांड्यात ते काय होतं, याची कल्पना नव्हती. दार थरथरत होतं. जिन्यातल्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. सुतारानं हत्यारांची पिशवी खाली ठेवली. आतून टकटक झाली. बाई घोरत होत्या. पुन्हा जरा जोरात टकटक. बाई घोरतच होत्या. मग कडी निघाल्याचा आवाज आला, दार आत उघडलं, आणि दाराला टेकलेल्या सलोमीबाई उताण्या होऊन सरळ खोलीत आडव्या झाल्या.

भाग्यश्री दारात उभी होती. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, आणि ती हसत होती. हसता हसता खाली बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडता पुन्हा हसायला लागली. बाईंना जाग आली. त्यांनी डोळे उघडले तेव्हा डोळ्यांपुढे आख्खा स्लॅब होता. त्या तशाच पडून वर बघत राहिल्या.

"पंखा फिरतो म्हना की," त्या म्हणाल्या.

मग भाग्यश्रीच्या खांद्याला धरून उठल्या आणि तिला घेऊन खाली आल्या. बाजेवर बसवून तिला दहीभात भरवला. स्वतःही त्याच ताटात जेवल्या. नंतर हात धुताना मला म्हणाल्या, "आमच्या घराण्याचं घोरनं बगा. मानसं त्यानं बाहेर येत्यात." हे म्हणताना त्यांचे डोळे भरले होते, आणि त्या हसतही होत्या. रिबेकाचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

मुलींना वाटलं, चमत्कार झाला, आता बाई आत झोपणार. खोली झाडून तयार ठेवली. रात्री बाई आपल्या बाजेवर, पत्र्याखाली. रविवारी मंडळीतही बातमी पोचली होती. दानिएलमामा स्वतः दारापर्यंत आले आणि या म्हणाले. बाई पायरीवरून हलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मामा, पाय चढले ते आज्ञेनं. पोरगी वर होती, जावं लागलं. विश्वास अजून जिन्यातच हाय. येऊन राहिलाय, दमानं." मामांनी घड्याळ बघितलं आणि आत गेले.

भाग्यश्री पुढे नांदेडला फार्मसीला गेली. योगायोगानं मलाही विष्णुपुरीच्या बाजूला एका कॉलेजात नोकरी लागली आणि मी लातूर सोडलं. जाताना बाईंनी मला विरजणाची एक वाटी दिली, स्टीलची, झाकणाची. एस.टी.त ती अर्धी माझ्या मांडीवर सांडली. उरलेल्या अर्ध्यानं नांदेडला पहिलं दही लागलं, आणि त्यातलं चमचाभर बाजूला काढताना मी चक्क इकडेतिकडे बघितलं, कोणी बघत तर नाही ना. आमच्या वडिलांना काय वाटलं असतं कोण जाणे.

त्यानंतर काही वर्षांनी एका लग्नासाठी लातूरला गेले. रविवार होता. लग्न दुपारचं, म्हणून सकाळीच थेट देवळाकडे गेले. त्यांचा हंगामाचा सण होता. त्या दिवशी मंडळीतली माणसं आपापल्या शेताघरातलं पहिलं पीक आणून देवापुढे ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. मला उशीर झाला होता. उपदेश चालू होता. पायरीवर कोणी नव्हतं.

त्यांचं वय झालं होतं, आणि मी बरेच दिवस चौकशी केली नव्हती. मग चपलांच्या ढिगात मला त्यांच्या चपला दिसल्या. अंगठ्याला तारेनं शिवलेल्या, त्याच. मला काही उमजेना. सवयीनं मी पायरीवर माझ्या जागी बसले. दारातून आत भोपळे, ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगांचा भारा आणि पायाला सुतळी बांधलेली एक कोंबडी दिसत होती. पाळकसाहेबांच्या कानशिलांवर आता पांढरे केस दिसत होते.

प्रभुभोजन सुरू झालं. माणसं पुढे जाऊन गुडघे टेकून परत येत होती. सगळ्यांचं झालं आणि पाळकसाहेब ताटली आणि प्याला घेऊन निघाले. मान खाली, नेहमीच्या चालीनं, सबंध देऊळ ओलांडून ते दारात आले, उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि वाकले. समोर मी. मी काही बोलणार, इतक्यात ते स्वतःच दचकले. पायांनी त्यांना जुन्या जागी आणलं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, आणि तेवढ्यात आतून तो आवाज आला.

शेवटच्या बाकावर, खिडकीजवळ, सलोमीबाई बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, डोकं मागे भिंतीला टेकलेलं, तोंड उघडं. उपदेश लांबला होता हे अख्ख्या मंडळीला कळत होतं. त्यांच्या डोक्यावर ती काळी कौलं होती आणि त्या गाढ झोपल्या होत्या.

पाळकसाहेब मागे फिरले आणि ताटली धरून बाकापाशी उभे राहिले. हाक मारली नाही. पेटीवाल्यानं पेटीवरचा हात काढला. कोंबडीनं फडफड केली तेव्हा दानिएलमामा उठले, काठी टेकत पुढे गेले आणि आपली शाल त्या कोंबडीवर टाकून परत जागेवर येऊन बसले. बाई घोरत होत्या. कोणी त्यांना उठवलं नाही. दानिएलमामांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.